पाणाड्याने दाखवलेल्या जागेवर तिसरा बोअर घ्यावा का? वडील अडून बसलेत

डाळिंबाचं_रान

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय पण पूर्ण वाचून सांगा. आमचं गाव करमाळा तालुक्यात. साडेसहा एकर रान, त्यात अडीच एकर डाळिंब, बाकी ज्वारी नाहीतर तूर. आजोबांच्या काळातली विहीर आहे पंचेचाळीस फुटाची, फेब्रुवारी संपला की तळ दिसतो. मी पुण्यात नोकरीला, महिन्यातून एकदा गावी जाणं होतं.

गेल्या चार वर्षात दोन बोअर मारले आणि दोन्ही वेळा जागा पाणाड्याने दाखवलेली. पहिला साडेचारशे फूट, सव्वाशेला जरा ओल आली, गाडीवाला म्हणाला आता लागणार, आणि त्यानंतर नुसती पांढरी धूळ. दुसरा सहाशे वीस फूट, अर्धा इंच पाणी लागलं, आईने नारळ फोडला, पेढे वाटले, मोटार सोडली आणि दीड महिन्यात मोटार हवा ओढायला लागली. केसिंग, मोटार, केबल, पाईप सगळं धरून दोन लाखाच्या वर गेले. आता अण्णांनी (माझे वडील) शेजारच्या गावातून तिसरा पाणाड्या बोलवलाय.

परवा मी घरीच होतो म्हणून सगळं जवळून बघितलं. त्या पाणाडी काकांचं वय सत्तरच्या आसपास असेल, स्वभावाने एकदम साधा माणूस. चप्पल बांधावर काढली, शेंडीचा नारळ उजव्या तळहातावर आडवा ठेवला, शेंडी बोटांच्या बाजूला, आणि हळूहळू पूर्वेकडून पश्चिमेकडे चालायला लागले. लिंबाच्या झाडापासून पंधरा-वीस पावलांवर नारळ थरथरला आणि शेंडी वर करून उभाच राहिला. मी दोन हातावर उभा होतो, बोटं उघडी होती, नारळाला कुणी धरलेलं नव्हतं. मग त्यांनी नारळ माझ्या हातात दिला, मला चालायला लावलं, आणि खरं सांगतो त्याच जागेवर माझ्याही हातात तो हलला, उभा नाही राहिला पण हलला. अंगावर काटा आला.

आता मला झोप लागत नाहीये. एकीकडे दोन कोरडे बोअर आणि दुसरीकडे माझ्याच हातात हललेला नारळ. यात काही शास्त्र आहे का, ही पद्धत आली कुठून, आपल्याकडचीच आहे का, बाहेर कुणी नीट तपासलंय का? आणि अण्णांना न दुखावता काय सांगू? ते म्हणतात तू चार बुकं शिकलास म्हणून म्हाताऱ्या माणसाला खोटं ठरवणार का.

उंबरपार

दादा, तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. माझे आजोबा पाणाडी होते. नारळ नाही, ते उंबराच्या झाडाची बेचकी वापरायचे. दोन टोकं दोन मुठीत, तळवे वर, आणि तिसरं टोक समोर. पाणी आलं की ते टोक खाली ओढलं जायचं, इतक्या जोरात की साल सुटून तळहाताला चिकटायची. हे मी लहानपणी डोळ्यांनी बघितलंय, आजोबांच्या हातावर त्याचे घट्टे होते. ते पायाळू होते म्हणजे जन्मताना पाय आधी आलेले, आणि आमच्याकडे म्हणतात की पायाळू माणसाला जमिनीखालचं पाणी आणि धन कळतं. म्हणूनच पावसात वीज चमकायला लागली की आजी त्यांना घराबाहेर पडू द्यायची नाही, पायाळू माणसाकडे वीज ओढली जाते असं तिला वाटायचं.

त्यांनी आयुष्यात कुणाकडून पैसे घेतले नाहीत. नारळ, पानसुपारी आणि फार तर एक टोपी. बहात्तरच्या दुष्काळात तर लोक बैलगाडी घेऊन त्यांना न्यायला यायचे. पंचक्रोशीत त्यांनी दाखवलेल्या विहिरी अजून चालू आहेत, मी नाव घेऊन दाखवीन. आणि हे काय अडाणी लोकांचंच नाहीये, इंग्रज सरकारने सुद्धा १९२० च्या दशकात मेजर पोगसन नावाचा आपला अधिकारी सरकारी पाणाड्या म्हणून हिंदुस्थानात फिरवला होता. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत तर जमिनीखालच्या पाण्यावर अख्खा अध्याय आहे, दीड हजार वर्षांपूर्वीचा. तेव्हा सरसकट थोतांड म्हणणाऱ्यांचं मला वाईट वाटतं.

तुमचे दोन बोअर गेले त्याचं दुःख आहेच. पण हल्ली निम्मे पाणाडे बोअरच्या गाडीवाल्याशी संधान बांधून असतात, फुटामागे कमिशन मिळतं म्हणे. त्यांचं पाप जुन्या माणसांच्या माथी मारू नका एवढंच.

मुरूम_ते_पाषाण

मी वीसेक वर्षं भूजल सर्वेक्षणाच्या कामात काढली, आता रिटायर आहे. उंबरपार, तुमच्या आजोबांवर माझा पूर्ण विश्वास आहे आणि तरीही मला वेगळं काहीतरी सांगायचंय, रागावू नका.

आधी जमिनीखाली काय आहे ते बघू. आपल्या राज्याचा ८० टक्क्यांच्या वर भाग बेसाल्ट म्हणजे काळा पाषाण, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा एकावर एक पसरत गेला त्याचे थर. करमाळ्यातही तेच. लोकांच्या डोक्यात असतं की जमिनीखाली पाण्याच्या शिरा आहेत, नळासारखी एक धार इथून तिथे चाललीय, आणि बोअर तिच्यावर बसला की झालं. तसं नसतं हो. लाव्ह्याच्या प्रत्येक थराचा वरचा भाग भोकाभोकाचा असतो, आतल्या वायूचे बुडबुडे राहून गेलेले, ती भोकं नंतर पांढऱ्या खनिजाने भरतात, त्यालाच आपण मांजऱ्या म्हणतो. खालचा भाग घट्ट, त्यात भेगा असल्या तरच पाणी. दोन थरांच्या मधे कधी कधी तांबडी गेरूसारखी माती लागते. ती बाहेर यायला लागली की गाडीवाला म्हणतो मालक पाणी जवळ आलं. ती माती स्वतः पाणी देत नाही, चिकण असते, पण तिच्या खालच्या थराचा माथा मांजऱ्या असतो आणि तिथे कधी कधी पाणी सापडतं. म्हणून तो समज पूर्ण चुकीचाही नाही.

सगळ्यात जास्त भरवशाचं पाणी कुठे असतं, तर वरच्या मुरमात आणि झिजलेल्या खडकात, म्हणजे साधारण पहिल्या चाळीस ते साठ फुटात. आता विचार करा, आजोबांच्या काळात विहीर खोदायची वीस-पंचवीस फूट रुंद आणि चाळीस फूट खोल, आणि तेव्हा गावात उपसा होता मोटेचा. नाल्याच्या काठाला, खोलगट रानात अशी विहीर कुठेही घेतली असती तरी बहुतेक वेळा पाणी लागलंच असतं, कारण मुरमातलं पाणी चादरीसारखं पसरलेलं असतं. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याचं सुद्धा पाणाड्यांच्या यशाबद्दल हेच म्हणणं आहे, की बऱ्याच भागात जमिनीखाली पाणी इतकं सर्रास असतं की विहीर खणून पाणी न लागणंच अवघड.

आणि आता साडेसहा इंचाचा बोअर पाचशे फूट घट्ट पाषाणात घालतो, तिथे एखादी भेग गाठायची असते. ती दोन फुटावरून चुकली तरी धूळ. खेळच बदलला. म्हणून जुन्या पाणाड्यांच्या विहिरी चालल्या आणि त्यांच्याच नातवांचे बोअर कोरडे जातात. विद्या तीच आहे दोघांची.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगतो. मी बरेच जुने पाणाडी बघितलेत आणि त्यांच्या हातापेक्षा त्यांच्या डोळ्यात ज्ञान होतं. रानात पाय ठेवल्याबरोबर उतार कुठे, दोन ओढे कुठे मिळतात, उन्हाळ्यात कुठला उंबर हिरवागार आहे, कुठलं गवत उशिरा वाळतं, शेजारच्या विहिरीत पाणी किती हातावर आहे, हे सगळं ते बोलता बोलता टिपायचे. बृहत्संहितेतला तो अध्याय पण तसाच आहे. त्यात काठी नाही, नारळ नाही. झाडं, वारूळ, माती, दगडाचा रंग या खुणा आहेत. जांभळाच्या पूर्वेला जवळच वारूळ असेल तर झाडाच्या दक्षिणेला दोन पुरुष खोलीवर गोड पाणी, अशा जातीचे श्लोक. एक पुरुष म्हणजे हात वर केलेल्या माणसाची उंची. प्रत्येक श्लोक आज खरा उतरेल असं नाही, पण ती निरीक्षणाची पद्धत आहे, त्याला मी हात जोडतो. बेचकी आणि नारळ ही वेगळी गोष्ट आहे. दोन्ही एकाच पिशवीत टाकू नका.

डाळिंबवाले भाऊ, तुम्ही जिल्ह्याच्या ठिकाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं ऑफिस असतं तिथे वरिष्ठ भूवैज्ञानिकांना भेटा. विद्युत सर्व्हे करतात. चार लोखंडी खुंट्या एका रेषेत ठोकायच्या, बाहेरच्या दोनातून करंट सोडायचा, आतल्या दोनावर व्होल्टेज मोजायचं, खुंट्यांतलं अंतर वाढवत गेलं की अजून खोलचा अंदाज येतो. ओला झिजलेला थर करंटला कमी अडवतो, कोरडा पाषाण जास्त. ते पण शंभर टक्के नाही हे आधीच सांगतो, मी स्वतः दिलेले पॉईंट फेल गेलेत आणि शेतकऱ्याच्या तोंडाकडे बघवलं नाही तेव्हा. पण फेल का गेला हे आम्हाला वहीत लिहावं लागायचं, आणि पुढच्या वेळी त्याचा उपयोग व्हायचा.

इसारच्या_काठी

मी मूळची साताऱ्याची, बारा वर्षं म्युनिकला आहे. तुमचा तो "बाहेर कुणी तपासलंय का" प्रश्न वाचून लिहायला बसले कारण त्यातली मोठी चाचणी आमच्याच शहराच्या बाहेर झालेली आहे.

काठीची पद्धत लेखी स्वरूपात ठळकपणे सापडते ती जर्मनीतच, आणि पाण्यासाठी नाही, खाणीसाठी. सोळाव्या शतकात सॅक्सनीकडचे खाणकामगार बेचकी घेऊन चांदीची, तांब्याची शिर शोधायचे. जॉर्ज अॅग्रिकोला म्हणून वैद्य होता खाणींच्या गावातला, त्याचा खाणकामावरचा मोठा ग्रंथ १५५६ मध्ये आला, त्यात चित्र आहे, एक जण झाडाची फांदी तोडतोय आणि बाकीचे बेचकी घेऊन डोंगरावर फिरतायत. आणि खुद्द अॅग्रिकोलाच लिहून गेलाय की शहाण्या खाणकऱ्याने काठीच्या नादी न लागता जमिनीच्या खुणा ओळखाव्यात. मुरूम सरांनी जे डोळ्यांबद्दल सांगितलं तेच साडेचारशे वर्षांपूर्वी! त्याच्याही आधी १५१८ मध्ये मार्टिन ल्यूथरने याला देवाच्या पहिल्या आज्ञेचा भंग म्हटलं होतं. फ्रान्समध्ये एक बाई होती, मार्तीन द बेर्तेरो, नवऱ्याबरोबर देशभर खाणी शोधत फिरली, १६४० मध्ये राजाच्या मंत्र्याला तसं पुस्तक लिहून दिलं, आणि पुढे जादूटोण्याच्या आरोपावरून तुरुंगात गेली. मला तिच्याबद्दल फार वाटतं कारण तिला खनिजांचं खरंखुरं ज्ञान होतं.

१६९२ ची गोष्ट तर अजून विचित्र. लिऑनमध्ये एका दारूविक्याचा आणि त्याच्या बायकोचा खून झाला, तेव्हा जाक एमार नावाच्या शेतकऱ्याला बोलवलं, तो काठीने पाणी शोधायचा. तो काठीच्या मागे मागे जात दूरच्या एका गावच्या तुरुंगापर्यंत पोचला आणि तिथल्या एका कुबड्या पोराकडे बोट दाखवलं. त्या पोराला चाकावर हाडं मोडून मारलं. मग एमारला पॅरिसला नेऊन राजघराण्यातल्या माणसाने परीक्षा घेतली, पुरलेलं सोनं शोध म्हणून, तर साफ नापास. पण ती परीक्षा त्या पोराला मारायच्या आधी घ्यायला हवी होती ना. हे वाचल्यापासून मला "काय बिघडतं, विश्वास ठेवला तर" असं म्हणवत नाही. आपल्या काळातही २०१३ मध्ये एका ब्रिटिश माणसाला १० वर्षं शिक्षा झाली, त्याने इराकला बॉम्ब शोधायची यंत्रं म्हणून जे विकलं ती मुठीवर फिरणारी नुसती काडी होती, पाणाड्याच्या तारेसारखी. चेकनाक्यावरचे शिपाई ती धरून उभे राहायचे आणि बॉम्बच्या गाड्या निघून जायच्या.

आता चाचणी. १९८७-८८ मध्ये इथल्या भौतिकशास्त्रज्ञांनी सरकारी पैशाने प्रयोग केला. पाचशेच्या आसपास लोकांतून चांगले वाटणारे ४३ निवडले. एक दुमजली धान्याचं कोठार, खालच्या मजल्यावर गाड्यावर पाण्याचा पाईप, तो १० मीटरच्या रेषेवर कुठेही सरकवायचा, आणि वरच्या मजल्यावर काठीवाल्याने सांगायचं पाईप कुठे आहे. ८४३ वेळा केलं. ४३ पैकी बहुतेकांना काही जमलं नाही, पण प्रयोग करणारे म्हणाले की सहा जण मात्र खरंच चांगले आहेत. मग जिम एनराइट नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने तेच आकडे पुन्हा तपासले. हे सहा जण सुद्धा एका वेळेला जे जमलं ते दुसऱ्या वेळेला परत करू शकले नव्हते. त्यातल्या सगळ्यात चांगल्या माणसाची आणि डोळे झाकून दर वेळी "मधोमध" म्हणणाऱ्याची तुलना केली तर १० मीटरमध्ये सरासरी ४ मिलिमीटरचा फरक पडला, बस.

नंतर १९९० मध्ये कासेल शहरात अजून सोपी चाचणी झाली. ५० सेंटीमीटर खोल पुरलेला पाईप, जागा सगळ्यांना माहीत, फक्त त्यातून पाणी वाहतंय की बंद आहे एवढंच ओळखायचं. तीसेक जण आले, सगळ्यांनी आधी मान्य केलं की चाचणी योग्य आहे, आम्हाला नक्की जमणार. निकाल नाणं उडवून आला असता तसाच आला. आणि लक्षात घ्या, हे भामटे नव्हते, निकाल बघून त्यांना स्वतःला धक्का बसला.

डाळिंबाचं_रान

सर, ताई, उंबरपार दादा, तिघांचे मनापासून आभार. पण एक अडलंय. माझ्या हातात नारळ का हलला? मी तर ढकलला नाही. आईशपथ नाही ढकलला.

खडू_फळा

मी हायस्कूलला विज्ञान शिकवतो, तुमच्या या प्रश्नाचं उत्तर मी दरवर्षी नववीच्या वर्गात करून दाखवतो. तुम्ही खोटं बोलत नाही आणि तुमचे काका पण नाहीत. हलवलं तुमच्याच हाताने, फक्त तुम्हाला कळलं नाही.

आज रात्री घरी करा. फूटभर दोऱ्याला अंगठी बांधा, कोपर टेबलावर टेका, दोरा चिमटीत धरा आणि खाली कागदावर एक गोल काढा. हात अजिबात हलवायचा नाही, फक्त मनात म्हणायचं की ती गोल फिरतेय. दोनेक मिनिटात फिरायला लागते. मग मनात म्हणा आडवी, तर आडवी व्हायला लागते. आता डोळ्यावर रुमाल बांधा आणि दुसऱ्याला बघायला सांगा, गती मंदावते, दिशा विस्कटते. शेव्रल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने हेच लोलकावर करून बघितलं आणि १८३३ मध्ये छापलं. त्याला आधी स्वतःलाच वाटलं होतं की लोलक पाऱ्याच्या वर धरला की आपोआप हलतो! डोळे बांधल्यावर कळलं. पुढे १८५२ मध्ये कार्पेंटर या इंग्रज वैद्याने मांडलं की मनात हालचालीची नुसती कल्पना आली तरी स्नायू बारीकसे हलतात आणि माणसाला त्याचा पत्ता नसतो.

नारळ, बेचकी, तांब्याच्या एल आकाराच्या तारा, या सगळ्यात एक गोष्ट सारखी आहे, त्या पडायच्या बेतात धरलेल्या असतात. बेचकी ताणून धरतात म्हणून मनगट केसभर वळलं तरी ती सटकन खाली जाते, आणि जोर इतका लागतो की साल सोलवटते, ते आजोबांचे घट्टे अगदी खरे. नारळ तळहाताच्या उंचवट्यावर तोलून धरलेला असतो, त्यात आतलं पाणी डुचमळतं, त्यामुळे हात किंचित कलला तरी तो कितीतरी जास्त हलतो. तुम्हाला लिंबाजवळची जागा आधीच माहीत होती. माहीत नसती तर?

तेच करून बघा. रान मोकळं असेल तर काकांना आधी उघड्या डोळ्यांनी चालू द्या, जिथे नारळ उठेल ती जागा टेपने दोन पक्क्या दगडांपासून मोजून वहीत लिहा, खूण ठेवू नका. मग डोळे बांधून, दुसऱ्या बाजूने, दोनदा चालवा. हाताला धरून नेणाऱ्याला पण जागा माहीत नसावी, नाहीतर त्याच्या कोपराच्या ओढीवरून कळतं. पाणी जमिनीखाली तिथेच आहे, ते काही अर्ध्या तासात सरकत नाही, तेव्हा नारळ तिन्ही वेळा तिथेच उठायला हवा. यात काकांचा अपमान नाही, आधी त्यांना विचारा, ते हो म्हणाले तरच करा.

उंबरपार

दोन दिवस काही लिहिलं नाही, विचार करत होतो. अंगठीचं करून बघितलं. मुलीने डोळे बांधले. सर म्हणतात तसंच झालं.

एक गोष्ट आहे जी आमच्या घरात कुणी काढत नाही. आजोबांनी वाडीवरच्या एका माणसाला विहीर दाखवली होती, साठ फूट खणली, सुरुंग लावले, पाषाण लागला तो लागलाच. त्या माणसाने खणायच्या मजुरीपायी बैलजोडी विकली. आजोबा त्यानंतर त्या वाटेने कधी गेले नाहीत, लांबून जायचे. चालू विहिरी मी तुम्हाला बोटावर मोजून दाखवीन म्हणालो, पण त्या बोटात ही विहीर मी धरलीच नव्हती. अजून किती असतील ज्या गावाने आणि आम्ही मोजल्या नाहीत. नारळ फुटला की गावभर होतं, धूळ उडाली की लोक म्हणतात ज्याचं त्याचं नशीब.

तरी मी आजोबांना खोटं म्हणणार नाही. त्यांना खरंच वाटायचं. आणि उंबराखाली, ओढ्याच्या संगमाला जागा दाखवायची अक्कल त्यांची स्वतःची होती, काठीची नव्हती, असं मी आता धरून चालतो. दादा, चाचणी करा, पण काकांना चहा पाजून, मानाने करा.

डाळिंबाचं_रान

केली. काल रविवारी. सविस्तर लिहितो.

काका हसत तयार झाले, म्हणाले बांध की डोळे, मी काय लपवतोय का. ज्वारी निघालेलं दीड एकराचं रान होतं. उघड्या डोळ्यांनी चालले तेव्हा चार जागी नारळ उठला, मी आणि चुलतभावाने टेपने मोजून वहीत लिहिलं. मग अण्णांनी स्वतःचं उपरणं काढून त्यांच्या डोळ्यावर बांधलं. कोपराला धरायला शेजारच्या पोराला घेतलं, तो पहिल्या फेरीला तिथे नव्हताच. दक्षिणेच्या बांधावरून सुरुवात केली. नारळ पाच वेळा उठला. त्यातली एक जागा आधीच्या खुणेपासून चार-पाच फुटावर आली, अण्णा लगेच म्हणाले बघ. बाकीच्या चार कुठल्या कुठे, सगळ्यात जवळची बत्तीस फुटावर. तिसऱ्या फेरीला तीनदा उठला आणि ती चार-पाच फुटावाली जागा काका सरळ ओलांडून गेले, नारळ हलला सुद्धा नाही. लिंबाजवळची परवाची जागा दोन्ही बांधलेल्या फेऱ्यांत आलीच नाही.

उपरणं सोडलं तेव्हा काका वहीकडे बघत बसले. मग मला म्हणाले, पोरा मी मुद्दाम काही करत नाही, तो उठतो. मी म्हणालो काका मला माहितीये, माझ्या हातात पण उठला होता. पैसे दिले ते घेतले नाहीत. नारळ आईने देवापाशी ठेवला.

अण्णा रात्री जेवताना काही बोलले नाहीत. सकाळी विहिरीवर गेले होते ते दहाला परत आले आणि म्हणाले, आबांनी खणली तेव्हा पंचेचाळीस होती, आता दोर टाकला तर छत्तीसच भरतोय. म्हणजे नऊ फूट गाळ आहे! आम्ही इतकी वर्षं बोअरच्या मागे लागलो आणि विहिरीत दोर टाकून कुणी बघितलंच नाही. सोलापूरला भूजलच्या ऑफिसला पण जाऊन येऊ म्हणाले, बुधवारी जातोय दोघं. मुरूम सर, दोन प्रश्न. गाळ काढायला यारी (विहिरीतला गाळ वर ओढायची क्रेन) कधी लावायची, आणि ते दोन कोरडे बोअर बुजवायचे का?

मुरूम_ते_पाषाण

छत्तीस ऐकून बरं वाटलं बघा, कारण तो नऊ फुटाचा गाळ म्हणजे मुरमातले पाझर दाबून बसलेला बोळा आहे.

यारी एप्रिलच्या शेवटी नाहीतर मेच्या सुरुवातीला लावा, पाणी तळाला असतं, उपसायला डिझेल कमी लागतं, आणि पाऊस यायच्या आत काम उरकतं. यारीवाल्याशी बोलणी फुटावर करा, दिवसावर नको. आत माणूस उतरवायच्या आधी मोटार लावून पाणी उपसा, आणि जुन्या विहिरीत विषारी वायू साठलेला किंवा प्राणवायू कमी असू शकतो, नुसती वाट बघून ते जात नाही, म्हणून ताजी हवा आत सोडून आणि आतली हवा जाणकाराकडून तपासून मगच उतरवा, घाई करू नका. तळ उघडा पडला की पाझर कुठल्या बाजूने येतायत त्याचे मोबाईलवर फोटो काढा आणि ऑफिसला दाखवा, त्यांना सर्व्हेची दिशा ठरवायला फार उपयोग होतो. पाझर ज्या अंगाला असतील तिकडे आडवं बोअर मारता येईल का तेही तेव्हाच विचारा.

कोरडे बोअर बुजवू नका. पण तोंडं आजच घट्ट टोपणाने बंद करा, रानात लहान पोरं असतात. सव्वाशे फुटाला ओल लागलेला पहिला बोअर पुनर्भरणासाठी चालतो का ते भूवैज्ञानिक सांगतील. चालत असेल तर भोवती आठ फुटाचा खड्डा, खाली मोठे दगड, वर खडी, वर वाळू, केसिंगला त्या उंचीत भोकं पाडून जाळी गुंडाळायची आणि बांधावरचं पावसाचं पाणी गाळून आत सोडायचं. गढूळ पाणी सरळ सोडू नका, भेगा चिखलाने कायमच्या बसतात. आणि सहाशे वीसवाला कुठे आहे, विहिरीच्या वरच्या अंगाला की खालच्या?

डाळिंबाचं_रान

वरच्या अंगाला सर, अंदाजे दीडशे फूट. टोपणं उद्या सकाळीच बसवतो. बुधवारी जाऊन आलो की ते काय म्हणाले इथेच लिहितो.